भाऊजींची पिकअप आणि मागून शिरणारी धूळ

ताईनं वणीच्या बाजारात पांढऱ्या धोतरांचा गठ्ठा सोडला, तेव्हा वरच्या चार घड्यांवर काळी रेघ निघाली. दुमडीत नेमकी बसलेली, बोट लावलं की पसरणारी. कोळशाची भुकटी होती ती. करंजीवरून मारेगाव आणि तिथून वणी असा भाऊजींचा रस्ता. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत आणि त्या पट्ट्यातले रस्ते कोळशाच्या ट्रकांनी कायम काळे असतात. पण गठ्ठा काही उघड्या हौद्यात ठेवलेला नव्हता. भाऊजींनी स्वतःच्या हातानं बनवलेल्या, चारी बाजूंनी पत्रा मारलेल्या आणि मागच्या दाराला कुलूप असलेल्या डब्यात होता.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवतो. पिकअपच्या हौद्यावर घरीच डबा बसवून घेणारे कापडवाले, भांडेवाले, चपला विकणारे मला दर बाजारात दिसतात, आणि भाऊजींच्या डब्यात झालेल्या चुका त्यांच्याही डब्यांत दिसतात. त्यातली एक चूक जिवावर बेतली होती. म्हणून हे प्रकरण भाऊजींना विचारून, मापं आणि हिशेबासकट लिहितो आहे.

भाऊजी केळापूर तालुक्यातले. धंदा कापडाचा: धोतरं, लुगडी, टॉवेल, हिवाळ्यात चादरी. आज हे गाव, उद्या ते गाव. गाडी सेकंडहँड बोलेरो पिकअप, हौदा आतून ९ फूट लांब आणि साडेपाच फुटांहून थोडा जास्त रुंद. आधी ताडपत्री आणि दोरी यांवरच भागायचं. ती सोडायला आणि बांधायला रोजचा तासभर जायचा, आणि बाजाराच्या आदल्या रात्री माल सांभाळायला भाऊजी हौद्यातच, ताडपत्रीखाली झोपायचे. बॉडीवाल्यानं सांगितलेली रक्कम परवडेना, तेव्हा दिवाळीच्या सुटीत त्यांनी आणि माझ्या भाच्यानं शेजाऱ्याची वेल्डिंग मशीन आणून खळ्यातच काम काढलं. मला विचारलं नाही. "तुले कायले तरास द्यायचा, बापू," असं नंतर म्हणाले.

सांगाडा १ इंची चौकोनी पाइपाचा, १६ गेज (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितका पत्रा पातळ). वर आणि बाजूंना २० गेजचा लोखंडी पत्रा, पॉप रिवेटनं मारलेला. मागं दोन पल्ल्यांचं दार. दोन्ही बाजूंना, पुढच्या अंगाला, हवेसाठी एकेक सरकती खिडकी. आत १२ मिलिमीटर प्लायच्या फळ्या. टप केबिनच्या छतापेक्षा ९ इंच उंच, म्हणजे भाऊजी आत वाकून का होईना उभे राहू शकतील एवढा. हात साफ नसले तरी काम मन लावून केलेलं होतं. दाराच्या पल्ल्यांना भाच्यानं दिलेला रंग आजही टिकून आहे.

धूळ पहिल्याच आठवड्यात दिसली. भाऊजींनी सरळ विचार केला: धूळ आत येते म्हणजे कुठंतरी फट आहे, तेव्हा फट बुजवा. दाराला रबराची पट्टी लावली. तरी येत होती, मग दुहेरी पट्टी. सांध्यांत सिलिकॉन. बाजूच्या खिडक्या बंद करून त्यांच्या कडेलाही सिलिकॉन. प्रत्येक वेळी धूळ थोडी कमी व्हायची, थांबायची मात्र नाही. डिसेंबर लागेपर्यंत तो डबा इतका बंद झाला होता की दार जोरात लावलं की आतल्या हवेनं कानाला दडा बसायचा. ही गोष्ट ताईनं मला हसत सांगितली होती, आणि मी ती ऐकून सोडून दिली. त्याच वेळी उठून गेलो असतो तर बरं झालं असतं.

डिसेंबरच्या थंडीत भाऊजी बाजाराच्या आदल्या रात्री डब्यात झोपले. अंगावर दोन चादरी होत्या, पण पत्रा खालून-वरून गारठलेला. शेजारच्या चहाच्या हॉटेलवाल्याकडून त्यांनी घमेलंभर बाभळीचे निखारे घेतले, धूर निघून गेलाय हे बघितलं, घमेलं पायाशी ठेवलं आणि दार ओढून घेतलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटलं. आपल्याकडं बहुतेकांना असंच वाटतं. पहाटे तीनच्या सुमाराला डोकं फुटेल असं दुखून जाग आली. उठायला गेले तर पायात त्राण नव्हतं. दाराची कडी सापडली आणि ते बाहेर मातीतच पडले. हॉटेलवाला भट्टी पेटवायला उठला होता, त्यानं पाहिलं, गाडी करून दवाखान्यात नेलं. तिथं त्यांना ऑक्सिजन लावला. आठ दिवस ताईला त्यांनी "पित्त झालं होतं" एवढंच सांगितलं.

निखाऱ्याला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळं माणूस श्वास घेत राहतो आणि शरीराला मात्र प्राणवायू पोचत नाही. डब्याची आतली जागा साधारण आठ घनमीटर, त्यातही निम्मी कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. दिवाळीत बनवला तसाच गळका डबा असता तर कदाचित थोडं डोकं दुखून सकाळ झाली असती. धुळीसाठी लावलेल्या त्या दुहेरी रबरानं त्या रात्री भाऊजींना जवळजवळ नेलंच होतं. हे मला कळलं त्या दिवशी मी आयटीआयमधून थेट त्यांच्या गावी गेलो.

ताई अंगणात उभी होती. "पाय बरं बापू एकदा तूच," ती म्हणाली. "हे फडक्यानं पुसून होनारं काम नाई." भाऊजी खाटेवर बसून होते. "मी तं एक फट ठेवली नाई," त्यांनी दोनदा सांगितलं. "मंग थे धूळ येते कोठून?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मलाही अंदाजानं माहीत होतं, पण अंदाजावर पत्रा कापायचा नाही, हे मी पोरांना रोज शिकवतो. म्हणून आधी दाराची एक पट्टी उतरवली आणि खिडक्या मोकळ्या केल्या, म्हणजे डबा मुळात होता तसा झाला. ताईच्या शिलाई मशीनचा पांढरा दोरा घेऊन चार-चार बोटांचे तुकडे कापले आणि आतून दाराच्या चौकटीला, खिडक्यांना, टपाच्या सांध्यांना वीत-वीत अंतरावर चिकटपट्टीनं लावले. फळीवर मोबाइल बांधून कॅमेरा आणि टॉर्च सुरू ठेवला. भाचा गाडी चालवायला, मी शेजारी. आत कुणीही बसायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. मुरमाच्या रस्त्यानं चाळीसच्या वेगानं चार किलोमीटर गेलो आणि परत आलो.

व्हिडिओ पाहताना भाऊजी खाटेवरून उठून जवळ आले. मागच्या दाराचे सगळे दोरे आतल्या बाजूला ताठ झाले होते. बाजूच्या खिडक्यांचे दोरे बाहेर ओढले जात होते. म्हणजे हवा मागून आत येत होती आणि पुढच्या खिडक्यांतून बाहेर जात होती. गाडी पुढं पळते म्हणून हवा पुढून आत शिरत असेल, असं कुणालाही वाटेल. इथं चित्र उलटं होतं.

कारण असं. चौकोनी डबा वेगानं हवेतून जातो तेव्हा त्याच्या पुढच्या कोपऱ्यांवरून हवा झटक्यानं वळते, आणि त्या वळणाच्या मागं, म्हणजे टपाच्या पुढच्या कडेला आणि बाजूच्या पत्र्याच्या पुढच्या भागात, दाब उतरतो. भाऊजींच्या खिडक्या नेमक्या तिथंच होत्या, त्यामुळं त्या आतली हवा बाहेर खेचत होत्या. खेचलेल्या हवेची जागा कुठून तरी भरणारच. गाडीच्या पाठीमागं हवेचा मोठा भोवरा फिरत असतो आणि चाकांनी उडवलेली सगळी धूळ त्यातच घोंगावत असते. दाराच्या फटीतून आत आली ती हीच हवा. बैलगाडीच्या मागं चालणाऱ्याच्या अंगावर सगळी धूळ येते आणि गाडीवानाच्या नाही, हे खेड्यात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आपल्या गाडीच्या मागच्या दारालाही तेच लागू पडतं, हे मात्र लक्षात येत नाही.

याच वाटेनं डिझेलचा धूरही येतो. सायलेन्सरचं तोंड मागच्या बाजूला असतं. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवू नयेत हा नियम आहेच. पण अशा डब्यात, मागचं दार थोडं उघडं ठेवून, पोरं बसवून नेणं म्हणजे त्यांना धुराच्या तोंडाशी बसवणं. लग्नाला, जत्रेला असं नेलेलं मी पाहिलं आहे. कुणी असं करत असेल तर त्याला थांबवा.

मग डब्याला पुढून श्वास दिला. केबिनवर उठून दिसणाऱ्या त्या ९ इंची तोंडावर, म्हणजे टपाच्या पुढच्या उभ्या पत्र्यात, १० इंच बाय ३ इंचाचं भोक पाडलं. त्यावर पुढं तोंड केलेली पत्र्याची टोपी बसवली, खालच्या कडेला पावसाचं पाणी निथळायला दोन बारीक भोकं ठेवली. आत बारीक स्पंजची जाळी आणि हातानं सरकवायची झडप. या जागेवर गाडी हवेला सरळ भिडते, त्यामुळं दाब चढतो. हिशेब केला तर ताशी ६० किलोमीटरला तो पाण्याच्या जवळपास १६ मिलिमीटर उंचीएवढा भरतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण डब्यातली हवा फटींतून बाहेर ढकलायला तेवढा पुरतो. बाजूच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या. पुन्हा दोरे लावले, पुन्हा तोच रस्ता. आता मागच्या दाराचे दोरे बाहेरच्या बाजूला ताठ होते. वरच्या डाव्या कोपऱ्यातला एक तेवढा आत वळला होता. तिथं पल्ला वाकडा होता, तो ठोकून सरळ केला.

वणीची फेरी झाली की स्पंज काळा निघतो. ताई तो दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुते, आणि मला वाटतं या सगळ्या कामातली हीच पायरी भाऊजींच्या हातून राहून गेली असती.

धुळीचं काम करताना डबा नीट बघितला, तेव्हा मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हौद्याच्या पत्र्याला तडा गेलेला दिसला. भाऊजींनी सांगाडा हौद्याला थेट वेल्ड केला होता. पक्कं व्हावं म्हणून. पण पिकअपची चेसिस, म्हणजे खालची मूळ चौकट, खाचखळग्यात पिळते आणि तिच्यावरचा हौदाही थोडा पिळतो. वर बसवलेला डबा कडक चौकट असतो, तो पिळायला तयार नसतो. दोघांचं भांडण मिटतं वेल्डिंगच्या शेजारी, जिथं तापून पत्रा आधीच कमजोर झालेला असतो. अमेरिकेत पिकअपवर जे कॅम्पर शेल, म्हणजे हौदा झाकणारे तयार डबे, बसवतात, बहुतेक फायबरग्लासचे किंवा ॲल्युमिनियमचे, ते हौद्याच्या कडेवर फोमची पट्टी टाकून नुसते क्लॅम्पनं आवळलेले असतात. दोन-चार माणसांनी उचलून खाली ठेवता येतात. भाऊजींचे वेल्डिंगचे आठही टाके मी ग्राइंडरनं कापले. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून, म्हणजे तडा पुढं सरकणार नाही, वर पट्टी वेल्ड केली. त्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडले. हे न करता गाडीवर वेल्डिंग करणारे बरेच आहेत आणि त्यात गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. मग ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाली टाकून डबा सहा क्लॅम्पवर बसवला. क्लॅम्पच्या नटांना डबल नट लावले, कारण हादऱ्यानं एकटा नट सुटतोच. दर पंधरा दिवसांनी पाना लावून बघायचं, हे भाच्याचं काम.

इथंच कायद्याचं बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-क नव्या रूपात आलं: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाऊजींनी यातलं काहीच विचारलं नव्हतं. आम्ही डब्याचं मापासह चित्र काढून आरटीओत नेलं. चित्र, वजन आणि अर्ज काम सुरू करण्याआधी न्यायला हवा होता. अपघात झाला आणि विमा कंपनीनं आरसीवर नसलेला डबा दाखवला, तर सगळा भार घरावर येतो.

वजनही त्या अर्जासाठीच काढावं लागलं. पांढरकवड्याच्या कापूस जिनिंगच्या वजनकाट्यावर आधी डब्यासकट आणि मग डबा उतरवून गाडी चढवली. दोन पावत्यांत २४० किलोंचा फरक. भाऊजींना ते पटेना, म्हणून ओसरीत बसून वहीवर मांडलं. २० गेजचा पत्रा चौरस मीटरला सव्वासात किलोच्या आसपास, लागला साडेपंधरा चौरस मीटर: ११२ किलो. पाइप मीटरला सव्वा किलोच्या आतबाहेर, ३८ मीटर: ४५ किलो. प्लायच्या फळ्या ६० किलो. बाकी दार, बिजागऱ्या, कड्या, रबर. म्हणजे दर फेरीला तीन-चार माणसं टपावर बसवून नेण्यासारखं. आणि वजनापेक्षा ते किती उंचावर आहे हे जास्त महत्त्वाचं. करंजीच्या पुढच्या वळणावर गाडी झुकते, असं भाचा आधीपासून म्हणत होता. फळ्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी खाटेची नायलॉनची नवार आडवी-उभी विणून बसवली, त्यात ४५ किलो वाचले. सोलापुरी चादरींचे गठ्ठे खाली, केबिनला टेकून. हलकी धोतरं वर. पत्र्याऐवजी १.२ मिलिमीटर ॲल्युमिनियम घेतलं असतं तर तेच क्षेत्र ५० किलोंत झालं असतं. पण ते महाग, आणि लोखंडी पाइपाला चिकटून बसवलं तर ओलीत सांध्यावर गंजतं, मध्ये रबर किंवा रंगाचा जाड थर लागतो. पुढच्या वेळी.

फेब्रुवारीत अवकाळी आला आणि टप गळला. सपाट टप, वरून मारलेले रिवेट, मध्ये पाणी साचून बुडालेला पत्रा. भाऊजींनी सिलिकॉनवर सिलिकॉन चढवलं होतं. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं, आणि आम्ही दोन दिवस तेच केलं. मग मधल्या पाइपाखाली दीड इंचाचे ठोकळे देऊन टपाला दोन्हीकडं उतार केला, वरच्या पत्र्याची कड खालच्यावर चढवली, कौलासारखी. बाजूच्या कडा इंचभर खाली वाकवल्या म्हणजे पाणी थेंबानं सुटून पडेल, पत्र्याच्या पोटाशी चिकटून आत जाणार नाही. सांध्यात पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात एकच जागा ओलावली, पुढच्या टोपीखालची. झड असेल तर झडप लावायची हे भाच्याला तेव्हा उमगलं.

उन्हाळ्याचं थोडक्यात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं त्याहूनही वर. पत्र्याच्या डब्यात दुपारी हात लावता येत नाही. भाऊजींनी आतून थर्माकोल चिकटवायला घेतला, तर चिकटवायच्या सोल्यूशननंच तो विरघळला आणि दाणेदार चिकट थर टपाला लोंबत राहिला. थर्माकोलला पाण्याचा किंवा फोमसाठीचा गोंदच चालतो. पण मुळात ऊन पत्र्यापर्यंत पोचूच न देणं जास्त कामाचं. टिनाच्या घरावर लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, टाकतात ना, तसंच. टपाला पांढरा रंग दिला, आणि गाडी बाजारात उभी असताना टपाच्या चार बोटं वर हिरवी नेट ताणायची सोय केली. खालून वारा वाहतो, वजन जवळजवळ काही नाही, गुंडाळून सीटमागं जाते.

निखाऱ्याचं घमेलं आता डब्यात जात नाही. ताईनं ते गाडीतूनच काढून घेतलं. झोपताना पुढची झडप आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात पाडलेली जाळी, दोन्ही उघडी ठेवायची, एवढं एकच बंधन मी घातलं आहे. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो. दोन्ही तोंडं बंद असली की थंडीत ते पाणी पत्र्याला घाम होऊन येतं आणि पहाटे धोतरांवर टपकतं.

परवा ताईचा फोन आला. वरच्या नवारीतला गठ्ठा ओला निघाला, म्हणाली. पाऊस नव्हता. भाऊजींना फोन दिला तिनं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "थंडी लई होती बापू. झडप बंद केली म्या." मी शनिवारी जातो आहे. झडपेची पट्टीच काढून आणणार आहे, आणि ताईला सांगून ठेवलं आहे की जुन्या लुगड्यांची एक जाड वाकळ शिवायला घे.